कॉल-बॉय

माझे वडील, केदू पगारे,
बावन्नाव्या वर्षीही इगतपुरीच्या शेडमध्ये 'बॉय'च होते.
रात्री दोनला कंदील आणि सहीची वही घेऊन निघायचे.
लोबो ड्रायव्हरच्या दारावर दोन थापा.
मेंगाळ फायरमनला हाक नको, कडी हलली की पुरे.
हुसेनबक्षच्या घरात तान्हं मूल,
म्हणून खिडकीशी नुसतं खाकरणं.
कुणाची झोप किती जाड, सगळं तोंडपाठ.

आई राखेच्या ढिगातून अर्धे जळके कोळसे वेचायची.
मनमाडहून परतलेल्या धगीवर
आमच्या भाकरी फुगल्या.

मग विजेच्या तारा नाशिककडे सरकल्या.
शेडचा भोंगा बंद पडला त्या सोमवारी
अख्खी कॉलनी उशिरा उठली, हेडमास्तरसुद्धा.
लोबो भुसावळला गेला.
मेंगाळनं भाताचं खाचर धरलं.
वडिलांना वेटिंग रूमची फरशी मिळाली, पुसायला.

पेन्शनीतही दोनला जाग यायचीच.
एकदा मी मागोमाग गेले.
क्वार्टरांची ओळ, धुकं, कुलपांवर गंज.
लोबोच्या दारावर त्यांनी दोन थापा मारल्या,
थांबले, सहीला लागतो तेवढा वेळ.
हुसेनबक्षच्या खिडकीला तावदानच उरलं नव्हतं.
तिथं ते खाकरले,
हळूच,
मूल उठू नये इतपत.