स्लॅब

हिंगण्याच्या कंपनीत आता आठवड्याला तीनच पाळ्या.
पतसंस्थेचा हप्ता मात्र सुट्टी घेत नाही.

नवतपा लागला,
कूलरची मोटर जळाली ती जळालीच,
म्हणून गच्चीवर अंथरुणं.
संध्याकाळी चार बादल्या पाणी मारलं
तरी स्लॅब बारा वाजेतो भाजत राहतो.
ह्याच स्लॅबचं कर्ज.

तनुश्रीनं विटेच्या तुकड्यानं रेघ ओढली आहे,
जिन्याकडून सुरू.
हप्ता भरला की रेघ वीतभर सरकते :
अलीकडचं आपलं.
मार्चात अर्धाच भरला,
तर तिनं चार बोटं मोजून दिली.
पाचवं मागितलं, नाही म्हणाली.

ह्या महिन्यात रेघ हललीच नाही.
मालिनी काही बोलली नाही,
खाली बसून तीच रेघ पुन्हा गिरवली.
पायानं पुसून जाते ना, म्हणाली.

लोकमान्य नगरची शेवटची मेट्रो गेली,
रिकामी, नुसत्या उजेडाची.
पाठ टेकून पाहिलं :
डोकं, छाती, हात आपल्या भागात,
कंबरेखाली अजून पतसंस्था.

"काहून हसून राहिले एकटेच?"

मी पाय जरा जवळ घेतो.