वामीची वाट

पहिल्या वर्षी आम्ही चौघं गेलो हातुमेराला.
तिमोरच्या डोंगरात, रस्ता संपल्यावर आणखी दोन तास.
रजा साठवून, तिकिटं पदरच्या पैशांची,
आणि त्याचा थोडा दिमाख चेहऱ्यावर होताच.

एकशे चाळीस मीटर उतार,
बत्तीस मिलिमीटरचा पाइप, सहा नळ.
गणित इतकं सरळ की काम करता करता हसत होतो.
झऱ्याच्या तोंडावर काँक्रीटची पेटी, वर घट्ट झाकण.
सिमेंट ओलं होतं तेव्हा काडीने सन कोरला.

पाच आठवड्यांनी रात्रीतून कुणीतरी पेटी फोडली.
अहवालात गेलं: "स्थानिक सहकार्याचा अभाव."
ते वाक्य माझं.
चहा पिता पिता लिहिलेलं.

दुसऱ्या वर्षी एकटीच गेले.
अपोलिनारियाने पानांची टोपली पुढे सरकवली,
सुपारी, चुना. बोलली काहीच नाही.
मग म्हातारे माउ लेतो आले.
गावाचे शब्द राखणं हे त्यांचं काम,
एखाद्याने म्हशी राखाव्यात तसं, पिढीजात.
त्यांनी विचारलं,
"पेटीतून वाम कुठून बाहेर पडणार होती?"

दुभाष्याने हात वळवळवून दाखवला, तेव्हा कळलं.
झऱ्यात वाम राहते, मनगटाएवढी.
ती आहे तोवर पाणी आहे.
तुम्ही तिला कोंडलंत.
"पहार माझी होती," अपोलिनारिया म्हणाली,
किती वाजले विचारल्यावर सांगावं तशी.

मी वही चाळली.
प्रवाह होता, उंची होती, जंतूंची मोजणी होती.
वाम नव्हती.

मग एक कोंबडा, त्याचं काळीज उजेडात धरून पाहणं,
झऱ्याला पान्हा फुटत राहावा म्हणून लांबलचक बोलणं,
त्यात माझं नाव चुकीचं आलं. तेही चाललं.
नव्या पेटीत मधोमध भिंत घातली,
अलीकडे तिचं घर, पलीकडे नळांचं पाणी,
आणि तिच्या बाजूला ओढ्याकडे उघडणारं वीतभर भोक.
"एवढं पाणी वाया जाईल," मी म्हणाले.
माउ लेतोंनी खाली बोट दाखवलं:
म्हशी, अळवाचे वाफे, कपडे आपटणारी पोरं.
"वाया," त्यांनी माझा शब्द चघळून पाहिला
आणि सुपारीसारखा थुंकला.

तिसऱ्या वर्षी कुणी बोलावलंच नाही.
दोन दिवस मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग फोनवर एक फोटो आला, हललेला.
काळं पाणी, त्यात काहीतरी वाकलेलं,
वाम की फांदीची सावली, सांगता येत नाही.
दुसऱ्या फोटोत टोपली, पानांवर आडवा पडलेला पाना,
शेजारी मोटरसायकलच्या ट्यूबमधून कापलेले सात वायसर.
खाली अपोलिनारियाचा निरोप:
"चौथा नळ गळत होता, मी बसवला.
तू येऊ नकोस.
आलीसच तर एकोणीस नंबरचा पाना घेऊन ये,
हा झिजलाय."