सुट्टे

रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर
फादर डबीत मोजून पाच ख्रिस्तप्रसाद ठेवतात.
मी मनात वेबिल भरतो : पाच.
सवय जात नाही. एकतीस वर्षं
सांगली–आष्टा–इस्लामपूर,
चामड्याची पिशवी काखेत, पेन्सिल कानावर.
आता गळ्यात पांढरी, बायकोनं शिवलेली,
शर्टाच्या आत, सायकलच्या पायडलाबरोबर
छातीला लागत राहते.

नियम असा की वाटेत बोलायचं नाही.
मी बोलायचं नाही!
ज्यानं ‘पुढं सरका, पुढं सरका’ म्हणत
अर्धा जिल्हा पुढं सरकवला.
भडंगवाला हाक मारतो, मास्तर, कुठं निघालासा उन्हाचं?
मी मान हलवतो.
मार्केट यार्डाकडून हळद उडत येते,
भुवयांवर बसते.
स्टँडसमोर माझा जुना ड्रायव्हर जमादार
चहाचा ग्लास वर करून दाखवतो.
मी छातीवर हात ठेवतो. त्याला कळतं.
टपरीवाल्याला सांगतो,
‘आज मास्तरच्या गाडीत साहेब बसल्यात.’
हसू येतं, पण खोटं नाही.

चार घरं झाली की शेवटचं शामरावनगरात,
फेबियाना सिस्टरचं.
मठातली नव्हे, मिरजेच्या दवाखान्यातली सिस्टर.
भिंतीवर पुराची रेघ, माझ्या खांद्याएवढी;
दोनदा रंग दिला तरी वर येते.
रेघेखाली पलंग.
सुनेनं स्टुलावर धुतलेलं फडकं अंथरलंय,
मेणबत्ती, वाटीत पाणी, चमचा,
आणि टीव्हीवर टॉवेल टाकलाय,
घरात वडीलधारं कोणी आल्यासारखा.

पूर्वी चर्चच्या पायरीवर दिसेल त्याला सांगायची,
ह्या मास्तरांनी माझे ऐंशी पैसे बुडवले.
साल एक्क्याण्णव, रात्रपाळी करून आष्ट्याला निघालेली.
तिकिटामागं मी लिहून दिलं : बाकी ८०.
मग गर्दी, मग ती उतरली, मग मी विसरलो.
ते तिकीट म्हणे प्रार्थनेच्या पुस्तकात आहे अजून.
मग अर्धांग झालं. उजवी बाजू गेली
आणि तिच्याबरोबर शब्द गेले.

पूर्ण दिला तर ठसका लागतो,
म्हणून मोडतो. नखाएवढा.
पहिल्यांदा मोडताना हात थरथरले होते.
फादरना विचारलं, एवढ्याशात कितीसा येतो तो?
म्हणाले, कणातही सगळा.
सुट्ट्यांवर जन्म काढलेल्या माणसाला हे पटेना.
चार पावल्या झाल्याशिवाय रुपया नाही होत, फादर.
मग एका रात्री झोपेतून उठून आठवलं :
अर्ध्या तिकिटाचं पोरगंही
पुरं इस्लामपूरला पोचायचं.

‘ख्रिस्ताचं शरीर,’ मी म्हणतो.
वाटभर न बोललेला गळा, आवाज घोगरा निघतो.
आमेनची वाट बघतो.
तिचे ओठ हलतात. डावा हात चादरीवर
काहीतरी चाचपतो.
आणि चार महिन्यांत पहिला शब्द, स्पष्ट :
‘बाकी.’

सून वाकते. काय बाकी, आई? काय पाहिजे?
मी काही सांगत नाही.
कण तिच्या जिभेवर ठेवतो, चमच्यानं पाणी,
आणि तिच्या गळ्याकडं बघत राहतो,
भरलेली गाडी चढावर कुंथते तसं,
थांबली, थांबली,
गेली.

मोडून उरलेला मोठा तुकडा मी घेतो.
वाटीत बोटं बुडवतो, ते पाणी सून
दारातल्या मोगऱ्याला घालते.
डबी रिकामी. वेबिल बंद.
आता वाटेत बोलायला मोकळा,
तरी भडंगवाल्याला पुन्हा मानच हलवली.

जमादार अजून तिथंच.
‘उतरले का साहेब?’
सायकल उभी करतो. विचार करतो.
‘नाही अजून,’ म्हणतो,
‘आणि ऐंशी पैसे आहेत का रे तुझ्याकडं?
सुट्टे.’