मिळालं, पण मिळालं नाही

अकरा ऑक्टोबरला राजीनामा ई-मेलने धाडला,
हलहून ब्रेमेनला, रात्री पावणेबाराला,
आणि उरलेली भांडी घासली.
सकाळी विब्केचं उत्तर:
मिळालं. वाईट वाटलं.
पण कायद्याने अजून मिळालेलं नाही.
कागद लागतो. त्यावर शाईची सही लागते.

अकरा वर्षं मी यांच्या पंपांची माहितीपुस्तकं
जर्मनमधून इंग्रजीत आणते,
हंबर नदीकडे तोंड केलेल्या टेबलावर,
आणि माझाच करार मी
आज पहिल्यांदा नीट वाचला.
त्यांनी मला काढायचं तर चार महिने.
मी सोडायचं तर चार आठवडे,
तेही सुटायचं पंधरा तारखेला, नाहीतर महिनाअखेर.
म्हणजे यांच्या कायद्यालाही
पौर्णिमा-अमावास्या आहेत तर!
मधल्या तिथीला कुणाची सुटका नाही.

शेजारचा बॅरी कॅरॅव्हॅनच्या कारखान्यात होता.
कुंपणावरून म्हणाला, चार आठवडे?
मी शुक्रवारी सांगितलं,
पुढच्या शुक्रवारी मग आणि चपला घेऊन घरी.
मग तरी तुझा होता ना, विचारलं.
तो विचारात पडला.

ग्रंथालयात छपाईचे वीस पेन्स.
कारण लिहायची गरज नाही, असंही कायदा म्हणतो.
तरी मी लिहिलं होतं, पाऊण पान.
ते खोडलं. मग पुन्हा छपाई, पुन्हा वीस पेन्स.
उरल्या दोन ओळी, कोऱ्या भांड्यासारख्या.
घरात शाईचं पेन एकच निघालं,
मैथिलीचं, जांभळं.
शाईचा रंग कायद्यात कुठे सापडला नाही.

पोस्टातल्या बाईने पाकीट तोललं.
आत काय आहे?
कागद.
किंमत काय लावू?
मी म्हटलं, काहीच नाही,
आणि बाहेर येऊन
त्या साईरंगी टेलिफोनच्या खोक्याशी
(बाकी देशात लाल, फक्त आमच्या गावात असे)
उगाच थांबले जरा.

सतराला विब्केने फोटो पाठवला:
पाकिटावर आवकेचा शिक्का, बाजूला तिचा अंगठा.
आता मिळालं, तिने लिहिलं होतं.
पंधरा नोव्हेंबरला तू मोकळी.
आणि खाली: जांभळी?

तेव्हापासून मला कुणी घाई करत नाही.
मीटिंगमध्ये माझं मत विचारतात, पण हळू आवाजात,
आजारी माणसाला चहा विचारावा तसं.
रागाने सोडते आहे असं मला वाटत होतं;
नवव्या दिवशी शोधला तर राग सापडेना.

आज पान एकशे चौदा.
प्रकरण: यंत्र कायमचं थांबवताना.
थेट बटण दाबू नये, म्हणतात.
आधी झडप अर्धी फिरवावी,
दाब उतरेपर्यंत जवळ उभं राहावं,
काटा शून्यावर आल्यावरही
थोडं थांबावं.
'थोडं' म्हणजे किती, ते मुळात दिलेलं नाही.
विब्केला विचारलंय.