पाव इंच

गणपती पेठेच्या मागं, चौगुल्यांच्या हळदीच्या गोदामात
पोत्यांच्या थप्पीआड ती निघाली.
एकोणीसच्या पुराचा पट्टा भिंतीवर छातीइतका,
गाडीच्या काचेवरही तोच, त्याच उंचीला.
बोनेटवरून बोट फिरवलं तर पिवळं झालं.
नाकावर दोन भोकं,
पाटी उपटून नेलेल्या दवाखान्यासारखी.

बत्तीस वर्षं मी आरटीओत
लोकांच्या गाड्यांना नावं ठेवत आलो.
म्हणून पायगोंडा चौगुल्यांनी बोलावलं.
म्हणाले, फॉर्मात एकच रकाना अडलाय साहेब,
निर्मात्याचे नाव. तेवढं सांगा, चहा घ्या, सुटा.

दिव्यांवर ल्युकास. पण ल्युकासचे दिवे
निम्म्या विलायतेच्या कपाळावर होते.
मीटरवर स्मिथ्स, ब्रेकवर गर्लिंग.
प्रत्येक अवयवाला आडनाव, देहाला नाही.
पाठ जॉवेटच्या जॅव्हेलिनसारखी उतरती,
मी जवळजवळ तोंड उघडलंच होतं.
बोनेट उचललं, तर आत नुसती स्टेपनी.
इंजिन मागं.
चहा गार झाला.

मग मिरजेहून दस्तगीर शिकलगार आला.
त्याचे आजे तलवारींना पाणी द्यायचे,
हा पत्र्याला वळण देतो.
मिलिमीटरचा पाना बसेना,
साध्या इंचाचा गरगर फिरला,
वडलांच्या पेटीतला व्हिटवर्थचा लावला,
कट्‌कन बसला.
"विलायतीच हाय," तो बोल्टाला म्हणाला, मला नाही.
लोहचुंबक दारावर ठेवला, तो पडला.
अ‍ॅल्युमिनियम.
लढाई नुकतीच सरलेली, पोलाद रेशनवर,
विमानांचा पत्रा मात्र उरलेला.
"ह्यो रिव्हेट बघा साहेब. मोटारीचा न्हवं. पंखाचा."

ती सांगलीत कशी आली
याच्या चौगुल्यांच्या घरात तीन कथा आहेत,
तिन्हींत गोऱ्या साहेबाचं नाव वेगळं.
एकीत तो माधवनगरला माग बसवायला आला होता
आणि थकलेल्या भाड्यापोटी गाडी ठेवून गेला.
मला ही पटते.
हिच्यात कुणीच शूर नाही.

डावं दार लागेना.
पुरानं फुगलं म्हणावं, तर हा पत्रा फुगत नाही.
दस्तगीरनं आतला पुठ्ठा सोडवला, बॅटरी मारली,
आणि बराच वेळ काही बोलला नाही.
पत्र्याच्या आतल्या अंगाला
आखणीच्या सुईनं कोरलेलं होतं, इंग्रजीत:
पाव इंच आखूड. नवीन करणे.
ए. पी., मार्च अठ्ठेचाळीस.
त्याला इंग्रजी वाचता येत नाही.
पण बाण, आणि एकाखाली चार,
हे त्यानं माझ्याआधी वाचलं होतं.
"आमीबी असंच लिवतो," म्हणाला,
"पुठ्ठा बसला की कोण बघतंय."

नवीन केलं नाही.
कारखाना बुडाला असेल, पोलाद सुटलं नसेल,
मालकाचं मन दुसरीकडं बसलं असेल.
दुसरी गाडी झाली असती, तर तिचं दार
नक्की लागलं असतं.
दुसरी झालीच नाही.
जगात आली ती एवढी चूकच,
आणि हळदीत पाऊणशे वर्षं टिकली.

चौगुले पेन घेऊन उभेच होते.
रकान्यात मी लिहिलं: ए. पी.
कारकून फॉर्म परत पाठवील.
मीही पाठवला असता,
वर लाल शाईनं शेरा मारून.

"जोडू का पाव इंच?" दस्तगीरनं विचारलं.
मी चौगुल्यांकडं बघितलं, चौगुल्यांनी माझ्याकडं.
तोवर त्यानं पोत्याची सुतळी तोडून
दार बांधूनही टाकलं होतं.