जोड

शीळफाट्याच्या यार्डातून ती लादी
तीनदा गेली, तीनदा परत आली.
खारघरच्या बाई तर चिडल्याच:
"हिला जोड दिलाय तुम्ही.
मधेच एवढं मोठं गुलाबी ठिगळ?"

दुर्गप्पाने पाणी मारलं, अंगठा फिरवला.
त्याचं नख अर्धंच आहे, बाकीचं कटरने नेलं.
म्हणाला, सांधा नाही. वाढलंय ते.

मी बिलं लिहितो.
नाव तरी नीट लिहावं म्हणून पुस्तक उघडलं:
पेग्मटाइट. मूळ ग्रीक.
अर्थ, सांधलेलं, एकात एक बसवलेलं.
म्हणजे बाई चुकल्या नव्हत्या.
दुर्गप्पाही नाही.

खाली बारीक अक्षरात होतं:
सगळा ग्रॅनाइट थिजून झाल्यावर
जो रस मागे उरतो, पाणचट, कशात न मावलेला,
तो भेगांत शिरतो, सावकाश निवतो,
आणि त्याचेच दाणे होतात
मुठीएवढे, कधी माणसाएवढे.

हे मोठ्याने वाचलं तेव्हा
दुर्गप्पा डबा उघडत होता.
कालचा भात, वर फोडलेला कांदा.
"म्हणजे शिळा," तो म्हणाला,
आणि घास तसाच हातात धरून हसत राहिला.

फाट्याच्या नावातली शीळ
दगडाची, शिट्टीची की उरल्या भाताची,
विचारलं तर कुणी थांबत नाही.
कंटेनर कल्याणकडे वळतात.

लादी आता विटांवर आडवी आहे.
दुपारी आम्ही बसतो तिच्यावर,
उठताना अभ्रक चिकटून येतं पँटला.
स्टॉकच्या वहीत लिहिलं होतं: नग एक, सदोष.
'सदोष' खोडलंय.
पुढे अजून काही सुचलेलं नाही.