शेगडा

मंगळवारी दुपारी जबडा गेला.
आवाज फार नाही, सुपारी फुटल्याएवढा.
मागाचा वाकलेला दांडा सरळ करायला
त्याच्यावरच घण घातला होता मी, ऐरण असल्यासारखा.
हीच चूक करू नका म्हणून
वीस वर्षं पोरांवर ओरडत आलो.

तुटलेली कड राखाडी, खरखरीत,
गुळाची ढेप फोडल्यावर दिसते तशी.
बीड वाकत नाही. आधी सांगत नाही.
कालपर्यंत असतं, एवढंच.

"जोडून घ्या की," नागमणी म्हणाली, विडीला दोरा मारत.
म्हटलं, बिडाला टाका बसतो,
भरवसा बसत नाही.
ती म्हणाली, मग घ्या नवा, पण बघून घ्या,
आणि पुढची विडी वळायला लागली.

नवी पेठेत बिराजदारांच्या दुकानात
चार इंची, पाच इंची, सहा इंची ओळीने बसलेले,
निळेशार, लग्नाच्या मांडवातल्या खुर्च्यांसारखे.
"घ्या वाकिटीमामा, लाइफटाइम आहे."
कुणाचा, ते मी विचारलं नाही.
नखाने रंग खरवडला. खाली लांबी.
लांबीखाली खड्डा.
दांडी उलटी फिरवली,
अर्धा फेरा नुसतीच फिरली, मग कुठे जबडा हलला.
एवढा विचार करून हलणारा हात नको मला.
एक आहेच तसा, उजवा,
दोन बोटं मागात गेल्यापासून.

मग त्याने आतून खोकं आणलं.
घडीव पोलाद. दोन बोटांनी फिरवला तरी
तेलातून सरकावा तसा मिटला, मधे कागदभर उजेड नाही.
मी बराच वेळ उघड-मीट करत राहिलो.
किंमत: नागमणीच्या डोळ्याचं ऑपरेशन, दोन्ही डोळ्यांचं.
खोकं मीच बंद केलं.

अक्कलकोट रोडला, मौलाली नदाफच्या वखारीत,
बंद गिरणीच्या कांड्यांच्या ढिगाखाली
एक पालथा पडला होता.
रंगाचा टिपूस नाही अंगावर.
हातोडीने टिचकी दिली,
घंटेसारखा नाही, पण लांब वाजला.
आटे चौकोनी, कडा शाबूत,
खाचेत जुनं ग्रीस, डिंकासारखं काळं.
जबड्याच्या पट्ट्या वेगळ्या, दोन-दोन स्क्रूवर बसवलेल्या,
झिजल्या की काढायच्या, दुसऱ्या लावायच्या.
खरं तर एवढंच बघायचं असतं:
झिजायचं कुणी आणि टिकायचं कुणी
हे करणाऱ्याने आधी ठरवलंय का.

पट्ट्या डावीकडे जास्त झिजलेल्या.
कुणीतरी डावखुरा असणार.
किंवा माझ्यासारखा, नंतर झालेला.
मौलालीला विचारलं. तो म्हणाला,
"मामा, भंगाराला नाव नसतं, वजन असतं."
एकतीस किलो भरला.
भाव मात्र भंगाराचा लावला नाही, तेवढा भोळा नाही तो.
विडीच्या पुडक्याच्या कागदावर
मालाचं नाव, तारीख, खाली आकडा.

लुनावर पुढे पायांत घेऊन आलो,
पाच्छा पेठेतल्या प्रत्येक खड्ड्याने
नडगीवर एकेक पावती फाडली.
बाभळीच्या फळीला चार बोल्ट.
चौथा आवळताना डावा हातही थकला,
मग दांडीवर छाती टेकून आवळला.

नागमणी दारात आली.
"एंता?"
हिशोबाची गोष्ट निघाली की ती घरच्या भाषेत येते.
म्हटलं, थांब, आधी धरतोय का बघू.
कागद पट्ट्यांमध्ये धरला, फेरा मारला, ओढला.
आला नाही.
"जोर लावा."
लावला. फाटला.
मालाचं नाव आणि तारीख माझ्या हातात,
आकडा जबड्यात.

ती तिथेच उभी आहे, हात पुढे करून.
मी म्हणतोय, बघ, कसा धरतोय.